विहिरीत न पडलेली बाई

मी आयुष्यात एकच कथा लिहिली, आणि तीही बाईच्या नावाने. तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या शाळेत मास्तर होतो. लग्न व्हायचं होतं, आणि चौथीच्या मुलांना मारलेल्या छड्या सोडल्या तर माझ्या नावावर काही कर्तृत्व नव्हतं. मुंबईच्या एका मासिकाने बायकांनी लिहिलेल्या कथा मागवल्या होत्या. पुरुषांच्याही कथा ते छापत, पण तिकडे रांग फार मोठी होती. म्हणून मी सौभाग्यवती झालो. संपादकांचं 'आदरणीय ताई' असं पत्र आलं. ताईंनी पाठवलेली सुरुवात त्यांना आवडली होती आणि सहा हप्त्यांत ती कथा पुरी लिहून द्यावी अशी त्यांची इच्छा होती.

पत्ता 'मार्फत' म्हणून माझाच दिला होता. मुंबईची जाडजूड पाकिटं येऊ लागली तेव्हा पोस्टमास्तरांनी विचारलं, एवढं काय येतं. मी सांगितलं, शब्दकोडी सोडवतो. त्या वेळी शब्दकोड्याच्या बक्षिसापायी चांगले चांगले लोक कामातून गेले होते. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे दारुड्याकडे पाहावं तसं पाहिलं, ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवीन असं वचन दिलं आणि आठवडाभरात सगळ्या बाजारात सांगितली. त्यामुळे माझं खरं गुपित अगदी सुरक्षित राहिलं.

कथा कशाची, ते सांगायला हवं. एक घर. नवरा बायकोला मारतो. घरात सासू आहे, पण ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, तिला बोलताही येत नाही. आणि एक धाकटा दीर आहे, शिकलेला, गरीब स्वभावाचा. माजघराचं दार बंद झालं की हा दीर उठतो आणि बागेतल्या पोफळींना पाणी लावायला जातो. दर हप्त्यात जातो. त्याने लावलं तेवढं पाणी खरोखरीच लावलं असतं तर ती बाग कुजून गेली असती.

हे सुचायला मला डोकं चालवावं लागलं नव्हतं. आईवडील गेल्यावर घरात मी, दादा आणि वहिनी अशी तीनच माणसं होतो. दादा गावातला भला माणूस. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, पहिला हजर. भजनाला पेटी त्याचीच. भाताच्या लावणीला अडलेल्या माणसाकडे न बोलावता जाऊन उभा राहायचा. त्याचा राग फक्त घरात, दुपारच्या जेवणावर यायचा. भातात खडा लागला, ताक पातळ झालं, नाहीतर काहीच झालं नाही म्हणून. मग ताट सरकायचं, माजघराचं दार बंद व्हायचं. भिंत कुडाची होती. पलीकडे पडवीत बसून मी मुलांच्या वह्या तपासायला घ्यायचो. त्या वर्षी माझ्या वर्गाच्या वह्या जिल्ह्यात सर्वांत काळजीपूर्वक तपासलेल्या असतील.

पहिला हप्ता आला तसा मी बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. गावाची सगळी मतं तिथेच कापून, शिवून तयार होत. गिऱ्हाइकांनी वाट बघताना चाळावं म्हणून शिंपी ते मासिक घ्यायचा, आणि गिऱ्हाइकांच्या आधी स्वतः वाचून काढायचा. सोबतीला दवाखान्यातला कंपाउंडर असायचा. डॉक्टर तालुक्याला गेले की तोच औषधं द्यायचा, त्यामुळे माणसाच्या आतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता.

मला वाटलं होतं, नवऱ्याला शिव्या पडतील. पडल्या त्या सासूला.

शिंपी म्हणाला, "सगळं त्या म्हातारीचं काम हाय, मास्तर. तीच कान भरते."

मी म्हणालो, तिला तर बोलता येत नाही असं लिहिलंय.

"डोळ्यांनी सांगत आसंल," शिंपी म्हणाला आणि पुन्हा मशीन चालवू लागला.

दुसऱ्या हप्त्यात नवरा बायकोला मारतो आणि आठवडाभराने तिच्यासाठी मुंबईहून लुगडं आणतो. त्या लुगड्यावर मी फार मेहनत घेतली होती. माणूस किती लबाड आहे ते वाचणाऱ्याला त्या लुगड्यातून कळावं, असा माझा बेत होता. कंपाउंडरच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस तापट आहे पण मनाचा मोठा आहे, असं त्याचं निदान झालं. शिंप्याने लुगड्याचं वर्णन दोनदा वाचलं आणि किनार अमुक असणार असं सांगितलं. मग दोघांनी मिळून बायकोचा विचार केला. ती एकदा उलट बोलली होती, दुसऱ्या पानावर, एक वाक्य. ते वाक्य दोघांनाही पाठ होतं.

दीर मात्र सगळ्यांना आवडला. बायकांत तर तो फारच लोकप्रिय झाला. आमच्या हेडमास्तरांच्या पत्नी, त्यांना सगळे बाई म्हणत, त्याच मासिकाची दुसरी प्रत घेत आणि ती आळीभर फिरवत. बाई म्हणाल्या की असा मुलगा शोधून सापडायचा नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. संपादकांकडून पत्रांचं पाकीट आलं त्यात पेणकडच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. लेखिकेने तो दीर खऱ्या माणसावरून घेतला असल्यास त्याचा पत्ता कळवावा, आपली भाची सातवी पास आहे, सोबत पत्रिकेचं टिपण जोडलं आहे. मी ते टिपण माझ्या टिपणाशी जुळवून पाहिलं. जुळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला त्या पत्रांतून कळली. सगळे वाट पाहत होते ती बायको मरायची. कुणी तसं उघड लिहिलं नव्हतं, पण 'त्या माउलीची सुटका कधी होणार' असं विचारणाऱ्यांना सुटका म्हणजे विहीरच दिसत होती. मेल्यावर तिच्यासाठी रडायला लोक तयार होते. जिवंत होती तोवर तिच्या स्वयंपाकातल्या चुका काढत होते.

तिसरा हप्ता आला त्यानंतरची दुपार. दादा पंचायतीच्या कामाला श्रीवर्धनला गेला होता. आमच्या ओटीवर वहिनी, बाई आणि शेजारची एक म्हातारी अशा तिघी वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या आणि बाई कथा मोठ्याने वाचत होत्या. मी पडवीत वह्या घेऊन बसलो होतो आणि कान तिकडे होता. वाचून झाल्यावर बाईंनी निवाडा दिला. बायकोने थोडं सोसायला हवं, पुरुष बाहेर दहा कटकटी सोसतो. म्हातारी म्हणाली, आमच्या वेळी याला मार म्हणत नसत. वहिनी बिरडं सोलत राहिली. ती मराठी चौथी शिकलेली होती, ओठ हलवत सावकाश वाचायची, आणि चारचौघींत मत द्यायची तिची पद्धत नव्हती.

त्या दोघी गेल्यावर मला राहवलं नाही. लेखकाला कौतुकाची भूक असतेच, त्यात मी तर कौतुक लपून खाणारा. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कोण आवडलं त्या गोष्टीत?"

"कुणी न्हाय."

"तो दीरसुद्धा नाही? बाईंना तर फार आवडला."

वहिनीने सालं सुपात गोळा केली. "तो सगळ्यात हुशार, भावजी. मारणारा निदान दमतो. हा कधी दमला न्हाय."

मी म्हणालो की तो बिचारा काय करणार, थोरला भाऊ, घराची अब्रू. हे सगळं मी कथेत त्याच्या मनातले विचार म्हणून दीड पानभर लिहिलं होतं, त्यामुळे मला तोंडपाठ होतं.

"दार वाजवायचं," ती म्हणाली. "काय पन मागायचं. अडकित्ता मागायचा, चाळण मागायची. दार वाजलं की हात थांबतो. लिहिनाऱ्या बाईला कुणी तरी सांगायला हवं."

ती सूप घेऊन परसात गेली. 'लिहिणाऱ्या बाईला' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं होतं की नाही हे मला ठरवता येईना. पाहिलं होतं, असं मी ठरवलं असतं तर फार जड गेलं असतं, म्हणून नाही पाहिलं असं ठरवलं.

त्यानंतर चार दिवसांनी ताट सरकलं आणि दार बंद झालं. मी वही उघडली. एका मुलाने सात आठे चोपन्न लिहिलं होतं. त्यावर फुली मारायला माझा हात उठेना. मी उठलो, माजघराच्या दाराशी गेलो आणि वाजवलं. आत शांत झालं. दादाने दार उघडलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय रे?"

माझा आवाज चौथीतल्या पोरासारखा चिरका निघाला. "अडकित्ता हवा होता."

"तू सुपारी कधीपासून खायला लागलास?"

मी म्हणालो, आजपासून. त्याने फडताळातून अडकित्ता काढून दिला आणि मी सुपारी कातरून खाईपर्यंत समोर उभा राहिला. मला ठसका लागला. वहिनी आतून पाणी घेऊन आली. तिची एक बांगडी फुटली होती. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

मग मी हे सुरू ठेवलं. कधी चाळण, कधी सुईदोरा, कधी पंचांग. एकदा काही सुचेना तेव्हा मी बंद दारातून विचारलं की आज एकादशी आहे का. दादाला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. शब्दकोड्यांची बातमी त्याच्या कानावर होतीच. तो मला वैद्याकडे घेऊन गेला. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि लग्न करून द्या म्हणाला. दादाला माझी खरीच काळजी वाटत होती. दोन मैल उन्हात तो माझ्या डोक्यावर छत्री धरून चालला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कथेत मला असं काही लिहायला जमलं नव्हतं. तिथला नवरा लुगडं आणायचा तेही लबाडीनेच आणायचा.

पाचवा हप्ता मी याच दिवसांत लिहिला. त्यात दिराने दार वाजवलं. मला वाटलं आता लोक त्याला डोक्यावर घेतील.

छापून आल्यावर दुकानात गेलो तर शिंपी कात्री हातात घेऊन गप्प बसला होता. कंपाउंडर म्हणाला, पोरगा बिघडला. नवरा-बायकोच्या मधे पडायचं त्याला काय कारण? शिंप्याला कारण माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही, नुसता डोळा बारीक केला. कंपाउंडरने मान हलवली. एवढ्या दिवसांच्या आजाराचं निदान त्याला आधीच व्हायला हवं होतं, असा त्याचा चेहरा झाला. चार महिने ज्याला सोन्यासारखा म्हणत होते त्याने एकदा दारावर टकटक केली आणि त्याचं वहिनीशी काहीतरी आहे असं ठरून गेलं. पेणच्या गृहस्थांनी कार्ड पाठवून भाचीचं टिपण परत मागितलं. संपादकांनी ताईंना कळवलं की वाचक नाराज आहेत, शेवट हृदयस्पर्शी करावा.

घरात शेवट वेगळाच झाला. चैत्रातली गोष्ट. मी दार वाजवलं, या वेळी मागायला काही ठरवलं नव्हतं. दादा बाहेर आला आणि त्याने दार मागे ओढून घेतलं.

"तुला काय हवंय ते एकदाच नीट सांग," तो म्हणाला.

मी म्हणालो, "तू वहिनीला मारू नकोस."

त्याने माझ्या कानशिलात मारली. दादाने मला लहानपणीसुद्धा कधी हात लावला नव्हता. माझा चष्मा ओटीवर जाऊन पडला. तो शोधायला मी खाली वाकलो तेव्हा मला वहिनीचे पाय दिसले. ती दार उघडून बाहेर आली होती. तिने चष्मा उचलून मला दिला आणि दादाला म्हणाली, "आता त्यांना पन?" तेवढंच. दादा उभा राहिला, मग जाऊन पोफळीच्या बागेत बसला. संध्याकाळपर्यंत आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो भात विकायला माणगावला गेला. मी शाळेतून दुपारी परत आलो तर वहिनी गाठोडं बांधून ओटीवर बसली होती. तिचं माहेर खाडीपलीकडे, मुरुडजवळ. ती म्हणाली, दिघीपर्यंत सोबत या, म्हणजे कुणी वाटेत विचारलं तर तुम्ही सांगाल. मी बैलगाडी जुंपली. वाटेत तीन माणसांनी विचारलं. तिघांनाही मी सांगितलं की वहिनी माहेरी चालल्या आहेत, आणि तिघांनीही विचारलं, परत कधी. मी म्हणायचो, बघू.

दिघीला होडीची वाट बघताना मी तिला सांगून टाकलं की ती कथा माझी आहे.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमची पडवी रोज कोन झाडतं? गादीखाली कागद असायचे. मी आधीच वाचायची, मग ते मुंबईला जायचे."

म्हणजे संपादकांच्या आधी माझी पहिली वाचक तीच होती. मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत. ती म्हणाली, बोलले की, बिरडं सोलताना. होडी आली. तिने पदर खोचला, गाठोडं आधी दिलं आणि मागे न बघता चढली. खाडीला भरती होती. आगरदांड्याला होडी लागेपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो.

सहाव्या हप्त्यात मी हेच लिहून पाठवलं. बायको गाठोडं घेते आणि होडीत बसून निघून जाते. मासिक आलं. मी उघडलं तर बायको विहिरीत पडली होती. काठावर लुगडं अडकलेलं, नवरा टाहो फोडतोय, आणि अर्धांगवायू झालेली सासू अंथरुणातून उठून म्हणतेय की माझीच चूक झाली. शेवटची दोन पानं संपादकांनी स्वतः लिहिली होती. वर ताईंचं नाव तसंच.

दुकानात गेलो तर मशीन बंद. शिंप्याने उपरण्याने नाक पुसलं. कंपाउंडर म्हणाला, अशी बाई लाखात एक, सगळं सोसलं पण ब्र काढला नाही. दुसऱ्या पानावरचं ते वाक्य दोघेही विसरले होते. मग शिंप्याने माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला आणि म्हणाला की मास्तर, तुमच्या घरातलं कानावर आलं, वाईट झालं. दादासारख्या देवमाणसाला सोडून बाई निघून जाते म्हणजे काय. तिला कमी काय होतं.

मी म्हणालो, "ती कथा मी लिहिलीय. ती बाई म्हणजे आमची वहिनी."

कंपाउंडर आधी सावरला. "मग विहीर कुठली?" त्याने विचारलं.

"विहीर नाहीच. ती संपादकाने घातली. वहिनी मुरुडला आहे, माहेरी."

"म्हंजे जिती हाय?"

"आहे."

शिंप्याने भिजलेलं उपरणं घडी करून बाजूला ठेवलं. त्याला खरंच फसवल्यासारखं वाटत होतं. तो म्हणाला, "म्हंजे आमी उगाच रडलो?"

मी घरी आलो. त्याने त्यानंतर माझे सदरे शिवले, पण बाह्या नेहमी थोड्या आखूड ठेवल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुरुडला गेलो. वहिनी दवाखान्यात सुईणीचं काम शिकत होती. भावाच्या घरी राहत होती आणि अंगाने थोडी भरली होती. तिने मला भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. शेवटचा हप्ता तिनेही वाचला होता.

"मला विहिरीत ढकललंत," ती म्हणाली.

मी घाईने सांगितलं की मी नाही, ते संपादकाने केलं, मला विचारलंसुद्धा नाही.

"म्हंजे तिथंही तुमी नव्हतातच."

ती हे चिडून म्हणाली नाही. माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकता टाकता म्हणाली. मी ती भाकरी खाल्ली. मग मी शिंप्याच्या दुकानातली हकीकत सांगितली, अगदी त्याच्या उपरण्यासकट. 'आमी उगाच रडलो' ऐकल्यावर ती हसायला लागली. तिला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिला खांबाला धरावं लागलं. आतून तिची भावजय बघायला आली की काय झालं.

वहिनी परत आली नाही. मुरुडच्या त्या दवाखान्यात ती सुईण झाली आणि आजूबाजूच्या गावांत तिला हाताला यश असलेली बाई म्हणून लोक ओळखू लागले. दादाने एकदा माणूस पाठवला होता. तिने त्याला चहा देऊन परत पाठवला. दादा पुढे माझ्याकडेच राहिला. माझं लग्न झालं तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं होतं. तिने पहिल्याच दिवशी दादाला सांगितलं की भातात खडा निघाला तर काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. तो ठेवायचा. माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन तो बागेत फिरायचा आणि मुलांचा त्याच्यावर फार जीव होता. मी त्याच्याशी बोलणं तोडलं नाही. तोडायला हवं होतं की नाही, हे मी वहिनीला एकदा विचारलं. ती म्हणाली, तो तुमचा भाऊ, ते तुमचं तुम्ही बघा, मला उद्या पहाटे नांदगावला बाळंतपणाला जायचंय.